स्वर सोडायचा कधी

कार्यक्रमाचा व्हिडिओ कुणीतरी फोनवर काढतं, तो घरच्या ग्रुपवर येतो आणि दुसऱ्या दिवशी मावशीचा फोन: "छान दिसत होतीस गं. पण तुझं वाजवणं काही ऐकू आलं नाही." मावशीचं बरोबर आहे. बेस गिटारच्या सगळ्यांत जाड तारेचा मोकळा स्वर सेकंदाला साधारण ४१ कंपनांचा असतो आणि फोनच्या इवल्याशा स्पीकरला इतक्या खाली उतरता येत नाही. तरीही मावशीने बेस थोडाफार ऐकलेला असतोच. त्या तारेतून ४१च्या जोडीला ८२, १२३, १६४ असे वरचे स्वरांशही निघतात. त्यातले वरचे फोनमधून पोचतात, आणि त्यांच्यातल्या अंतरावरून मेंदू तळाचा गाळलेला स्वर आपला आपणच भरून काढतो. तंबोऱ्यातून कुणीही न छेडलेला स्वयंभू गंधार ऐकू येतो, हे आपल्याकडे गाणं शिकणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. बेसच्या बाबतीत उलटं होतं. वरचे अंश कानावर पडतात आणि खालचा षड्ज कान तयार करतो.

त्यामुळे ऐकू न येण्याचं मला फारसं काही वाटत नाही. बेस वाजवणाऱ्याला त्याची सवय होते. माझं डोकं खातो तो वेगळाच प्रश्न: लावलेला स्वर सोडायचा कधी?

पेटीवर बोट उचललं की स्वर थांबतो. तबल्याची चाट वाजते आणि आपोआप विरते. बेसची तार मात्र जाड, लांब, घट्ट ताणलेली, आणि खाली पोकळ भोपळा नसून भरीव लाकूड. एकदा छेडली की पुढचे कित्येक सेकंद गुणगुणत राहते. तिला कुणीतरी थांबवायला लागतं. सुरुवातीला सगळं लक्ष स्वर लागतोय का याकडे असतं. कुठल्या पडद्यावर बोट, कुठली तार, उजव्या हाताचं पहिलं बोट की दुसरं. शिकवणारेही तेवढंच शिकवतात. स्वर संपवायला कुणी शिकवत नाही. मग मुलं वाजवतात ते 'चुकत नाही, पण काहीतरी गचपण वाटतं' अशा जातीचं असतं.

गचपण कुठून येतं ते हेडफोन लावून स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकलं की कळतं. एक स्वर संपायच्या आत दुसरा सुरू झालेला असतो. किंवा तिसऱ्या तारेवर वाजवताना चौथी, म्हणजे सगळ्यांत जाड तार, हात न लागताच थरथरत बसलेली असते. ती थरथर एकट्याने सराव करताना जाणवत नाही. मोठ्या स्पीकरवर मात्र तीच सगळ्यांत आधी ऐकू येते. यावर उपाय अंगठा. पहिले काही महिने उजवा अंगठा पिकअपवर, म्हणजे तारांखालच्या चुंबकाच्या डबीवर, टेकवून वाजवावं, हाताला आधार मिळतो. नंतर तो तिथून उठवायचा आणि ज्या तारेवर वाजवत नाही त्या जाड तारेवर ठेवायचा. बोटं वरच्या तारांकडे सरकली की अंगठाही मागोमाग सरकला पाहिजे. वरच्या बारीक तारांची सोय डाव्या हाताची तर्जनी करते. ती आडवी, सैल पडलेली असली की तारा गप्प राहतात. ऐकायला सोपं वाटतं. हाताच्या अंगवळणी पडायला मात्र फार वेळ लागतो.

स्वर थांबवायच्या दोन रीती आहेत. डाव्या बोटाचा दाब काढायचा, पण बोट तारेवरच राहू द्यायचं. स्वर मऊ मिटतो. किंवा उजव्या हाताचं पुढचं बोट वेळेआधी तारेवर आणून ठेवायचं. स्वर कापल्यासारखा तुटतो. सरावाला मी एकच गोष्ट सांगते. मेट्रोनोम, म्हणजे ठोके देणारं यंत्र, मिनिटाला साठवर लावा, एकच स्वर घ्या आणि प्रत्येक ठोक्याला वाजवा. आधी पुढच्या ठोक्यापर्यंत पूर्ण धरा. मग बरोबर अर्ध्यात सोडा. मग पाव भागात. नंतर पहिल्या ठोक्याला लावून नेमका तिसऱ्या ठोक्यावर सोडा. तिसऱ्या ठोक्याच्या आसपास कुठेतरी सोडलेला चालणार नाही. पाच मिनिटांत कंटाळा येईल, आणि स्वर लावण्यापेक्षा सोडणं अवघड आहे हेही कळेल. एकाच चालीतले तेच चार स्वर पूर्ण धरले तर गाणं खाली बसतं, अर्ध्यात सोडले तर चालायला लागतं. कीबोर्डवाला तोच, गायिका तीच, लय तीच. श्रोत्यांना फक्त इतकंच कळतं की आज गाणं हललं.

हे मला नीट कळलं ते तबल्याशेजारी बसून. आमच्या ग्रुपमध्ये शनिवार-रविवारचे मराठी-हिंदी गाण्यांचे कार्यक्रम असतात आणि तबल्याला एक काका आहेत, त्यांचं वय माझ्या वडिलांएवढं. बेस आणि डग्गा, म्हणजे तबल्याच्या जोडीतला खालच्या आवाजाचा, यांची जागा जवळपास एकच. दोन सुगरणी एकाच ओट्यावर स्वयंपाकाला उभ्या राहिल्या तर काय होतं, तसं आमचं सुरुवातीला व्हायचं. दोघींचं चांगलं, पण एकमेकींना कोपर लागतंय. काका काही बोलायचे नाहीत, फक्त डग्ग्यावर घिस्सा मारताना माझ्याकडे बघायचे. त्या घिश्श्यात डग्ग्याचा स्वर खालून वर सरकतो. त्याच वेळी माझा एखादा लांब स्वर अडून बसला असेल तर ती सगळी गंमत मातीत जाते.

केहरवा घ्या. धा गे ना ती, न क धी न. धा आणि गे मध्ये डग्गा घुमतो, पुढे 'ना ती न क'मध्ये तो गप्प असतो, मग 'धी'ला परत येतो. रॉकची सवय असलेला बेसवाला आठही मात्रांवर सारखा वाजवत सुटतो आणि ती मोकळी जागा बुजवून टाकतो. मी 'धा'ला स्वर लावते, 'ती'च्या आत सोडते आणि 'धी'ला एक छोटा, आखूड स्वर देते. बस. मधल्या मात्रा तबल्याच्या चाटेसाठी आणि टाळांसाठी मोकळ्या राहतात. हे काही नियम म्हणून सांगत नाही. लावणीत असं वाजवलं तर ढोलकीवाला हाकलून देईल, तिथे दुसरा हिशोब. पण आधी डग्गा कुठे बोलतो ते ऐकायचं, हे सगळीकडे लागू पडतं. तबला आणि बेस एकत्र कसे नांदतात ते ऐकायचं असेल तर दिल्लीच्या 'इंडियन ओशन'ची जुनी रेकॉर्डिंग्ज ऐकावीत. राहुल राम बेस वाजवतात, आणि २००९ साली गेलेले असीम चक्रवर्ती तबला वाजवता वाजवता गायचे. तिथे दोघं एकमेकांच्या अंगावर जात नाहीत.

पाश्चात्त्य बँडमध्ये हीच जोडी किकशी, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमशी, असते. शिकवणारे सांगतात, किक पडेल तिथे वाजव. बरोबर आहे, पण अर्धंच. किक लगेच संपते. स्वर कुठे संपवायचा ते किक सांगत नाही, स्नेअर, म्हणजे काठीने वाजणारा कडक आवाजाचा ड्रम, सांगतो. स्नेअर पडायच्या किंचित आधी बेस गप्प झाला की तो स्नेअर दुप्पट कडक वाटतो. ड्रमर खूश होतो, त्याला वाटतं आपलाच हात आज छान पडतोय.

आता पट्टीचं. इंटरनेटवर बेसचे धडे शोधले तर सगळं ई, ए, डी, जी या मोकळ्या तारांभोवती फिरतं, कारण ती गाणी गिटारवर रचलेली असतात. आपल्याकडे गायिका येते आणि म्हणते "काळी चार", म्हणजे तिचा षड्ज पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर. गायक म्हणतो "पांढरी एक", नाहीतर "काळी दोन". कधी आयत्या वेळी, पडदा उघडायच्या आधी: "आज घसा बसलाय, अर्धा सूर खाली घेऊ." कीबोर्डवाला ट्रान्सपोजचं बटण दाबतो. गिटारवाला कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबणारा चिमटा, सरकवतो. तुमच्याकडे तुमचा हात असतो, दुसरं काही नाही. पण मोकळ्या तारांवर विसंबून न वाजवता सगळं दाबलेल्या स्वरांत बसवलेलं असेल, तर पूर्ण आकृती एक पडदा खाली सरकवली की काम झालं, बोटांना नवीन काहीच शिकावं लागत नाही. म्हणून नवख्यांना माझा आग्रह असतो की सराव काळी चारमध्ये करा. ती जाड तारेच्या चौथ्या पडद्यावर आहे. काळी पाच सहाव्यावर. दोन्हींत षड्ज, मध्यम, पंचम यांपैकी एकही मोकळ्या तारेवर मिळत नाही, त्यामुळे आळस करता येत नाही.

काळी दोनची गोष्ट निराळी. चार तारांच्या बेसचा सगळ्यांत खालचा स्वर म्हणजे पांढरी तीन. काळी दोन त्याच्या अर्धा सूर खाली, म्हणजे खर्जात षड्जच नाही. मग षड्ज एक सप्तक वर घ्यायचा आणि पंचम, धैवत, निषाद त्याच्या खाली ठेवायचे. षड्जावर येताना चाल खालून वर चढत येते. कधी हे फार सुंदर वाटतं. कधी मात्र गाण्याला तळच राहत नाही. पाच तारांचा बेस घेणाऱ्यांपैकी बरेचजण यासाठीच घेतात, त्याची पाचवी तार ३१ कंपनांपर्यंत जाते. मी चारवरच आहे. पाचवी तार सांभाळायला अंगठ्याला आणखी एक काम, आणि मुख्य म्हणजे मंडपातले स्पीकर ३१ कंपनं नीट काढतील यावर माझा अजिबात विश्वास नाही.

बेसचा खरा खोडकरपणा संवादी स्वरांमध्ये आहे. गायिकेने गंधार लावून धरला आहे असं समजा. खाली षड्ज वाजवला तर तो गंधार उजेडात उभा राहतो. तिने काही बदललं नाही, तुम्ही फक्त षड्जावरून मंद्र धैवतावर गेलात, तर तोच गंधार हळवा होतो, कारण आता तो धैवताचा पंचम झाला. आणखी खाली मध्यमावर गेलात तर तो थोडा अधांतरी, कुठेतरी लांब बघत असल्यासारखा वाटतो. तीन वेळा एकच स्वर, तीन वेगळ्या भावना, आणि बदल कुणी केला हे सभागृहात बसलेल्या कुणालाच कळत नाही. कीबोर्डने वर कुठलीही स्वरसंगती धरली तरी तळाचा स्वर बेसचा असतो आणि कान तळावर विश्वास ठेवतो.

म्हणूनच रागाशी बांधलेल्या गाण्यांत हात आवरायला लागतो. भूप रागातल्या अभंगात मध्यम आणि निषाद नाहीत. पाश्चात्त्य सवयीचा बेसवाला तिथे सहज मध्यमावर जातो, कारण त्याच्या हाताला षड्ज, मध्यम, पंचम हीच वाट माहीत. ऐकणाऱ्याला नाव सांगता येत नाही पण भूप बिघडलेला असतो. पेटीवाले आजोबा मानही वळवत नाहीत, नुसती भुवई वर करतात. तिथे षड्ज, पंचम, धैवत आणि क्वचित रिषभ एवढ्यावर भागवावं. आणि तंबोरा लागलेला असेल तर पुष्कळदा नुसत्या षड्जावर बसून राहावं. हल्ली अभंगांना बँड लावून वाजवण्याची लाट आहे. त्यातले निम्मे अभंग बेसने गुदमरलेले आहेत असं माझं मत आहे, आणि मी बेसवाली असून हे म्हणते आहे. पखवाज असताना त्याच्या खाली सतत धडधड कशाला हवी?

कीबोर्डवाल्याच्या डाव्या हाताबद्दल मात्र बोललंच पाहिजे. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या ऑर्केस्ट्रात बेसवाला नसतोच. एका माणसाचं मानधन वाचतं आणि कीबोर्डवाला डाव्या हाताने खालचे स्वर भरून काढतो. तो वर्षानुवर्षं असंच वाजवत आलेला असतो. मग कधी बेसवाला आला की डावा हात थांबत नाही, दोघं मिळून खाली चिखल करतात. हे सांगायचं कसं, हा सरावापेक्षा कठीण भाग. "दादा, डावा हात जरा वर घ्याल का" असं तालमीत, चहाच्या वेळी, एकट्याला सांगावं. सगळ्यांसमोर सांगितलं तर तो कार्यक्रमात मुद्दाम दोन सप्तकं खाली जाईल.

बेस वाजवणारे बहुतेक लोक या वाद्याकडे आडवाटेने येतात. १९६१ साली हॅम्बर्गमध्ये स्टुअर्ट सटक्लिफने चित्रकलेसाठी बीटल्स सोडली आणि दुसरं कुणी तयार नाही म्हणून बेस पॉल मॅकार्टनीच्या गळ्यात पडला. लॉस एंजेलिसची कॅरल के गिटार वाजवायची. १९६३ साली स्टुडिओत बेसवाला आला नाही, तिच्या हाती बेस दिला, आणि पुढे तिथल्या असंख्य रेकॉर्ड्सवर तीच वाजली. हे वाद्यच तसं नवीन. लिओ फेंडरने कॅलिफोर्नियात १९५१ साली ते बाजारात आणलं, तोवर हे काम माणसाच्या उंचीचा, बिनपडद्यांचा डबल बेस करायचा. तो वाहून नेताना जीव जायचा आणि ड्रम-ट्रंपेटपुढे त्याचा आवाजही पुरत नसे.

सोडलेल्या स्वरांचा उस्ताद बघायचा असेल तर डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीत वाजवणारा जेम्स जेमर्सन ऐकावा. उजव्या हाताची फक्त तर्जनी वापरायचा, तारा तुटेपर्यंत बदलायचा नाही. जुन्या, बोथट तारांमुळे त्याचे स्वर लवकर विझतात, गुणगुणत राहत नाहीत; इतके स्वर वाजवूनही त्याच्या वाजवण्यात दाटी होत नाही याचं एक कारण तेही असावं असं मला वाटतं. साठच्या दशकातली त्या कंपनीची कितीतरी गाणी त्याच्या बेसवर उभी आहेत, पण १९७१पर्यंत तिच्या रेकॉर्डवर त्याचं नाव छापलं गेलं नव्हतं.

आपल्याकडे तरी वेगळं काय होतं? पंचमदांच्या गाण्यांतला बेस सगळ्यांच्या ओठांवर असतो, पण तो वाजवणारे टोनी वाझ किती जणांना माहीत आहेत? हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात गोव्याची माणसं किती होती याची आता कुठे थोडी नोंद होऊ लागली आहे. गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकून ती मुंबईला यायची, धोबी तलावच्या आसपास आपापल्या गावच्या कुडात, म्हणजे गावकऱ्यांनी चालवलेल्या सामायिक खोल्यांत, राहायची, आणि स्टुडिओत समोर ठेवलेला कागद बघून वाजवायची. गाण्याच्या तबकडीवर त्यांचं नाव नसे. आजही धोबी तलावला वाद्यांच्या दुकानात गेलं की ती माणसं इथून येत-जात असतील हे मनात येतंच. मी तिथे बहुधा तारा घ्यायला जाते, आणि किंमत ऐकून जेमर्सनचं पटतं. आधी पुसून वापरायच्या. ते जमेना तर उकळत्या पाण्यात काही मिनिटं टाकून, कोरड्या करून परत चढवायच्या. थोडे दिवस चमक येते. त्यानंतर दुकान.

पुसणं हे मुंबईत चैनीचं काम नाही. खारी हवा, घाम आणि लोकलमधली गर्दी यांनी तारा लवकर गंजतात. वाजवून झालं की जुन्या सुती साडीच्या तुकड्याने प्रत्येक तार खालून वरून पुसावी. पावसाळ्यात लाकूड हलतं. कधी तारा इतक्या वर उचलल्या जातात की दाबताना बोट दुखतं, कधी खाली बसून पडद्यांवर खरखर लागते. बेसच्या मानेच्या आत एक लोखंडी दांडी असते, ती पाना घालून फिरवता येते. पाव वळशापेक्षा जास्त एका वेळी फिरवू नये. मग एक रात्र थांबावं आणि सकाळी बघावं. बघायचं कसं? एका हाताने तार पहिल्या पडद्यावर दाबावी, दुसऱ्याने अगदी शेवटच्या, आणि मधोमध तार व पडदा यांत पत्रिकेच्या जाड कागदाएवढी फट आहे का ते पाहावं. फट नसेल तर खरखर, जास्त असेल तर बोटांना त्रास. बुटांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिकाच्या पुड्या फेकू नयेत, बेसच्या पिशवीत टाकाव्यात.

ती पिशवी घेऊन डोंबिवलीहून लोकलने जाणं हा वेगळा विषय. बेसचं वजन चार किलोच्या आसपास, लांबी जवळपास चार फूट. लेडीज डब्यात ती पाठीवर घेऊन चढायचं नाही, पुढे छातीशी उभी धरायची आणि दाराच्या बाजूच्या कोपऱ्यात आपण आणि ती अशा दोघींनी उभं राहायचं. बायका आधी कुरकुरतात, मग विचारतात. "ताई, काय आहे गं एवढं मोठं?" एकीने मोबाइलवर आपल्या मुंबईची बेसवादक मोहिनी डे दाखवून विचारलं, "हे, हेच का?" हेच म्हटलं, फक्त तिच्या बोटांच्या वेगाचा विषय काढू नका. तेव्हापासून त्या गाडीला कोपऱ्यातली जागा मला आपोआप मिळते.

पाठीचं मात्र सांभाळावं. अरुंद पट्टा खांद्यात रुततो. चार बोटं रुंद, आतून खडबडीत चामड्याचा घ्यावा, म्हणजे मानेकडची बाजू खाली घसरत नाही आणि डाव्या हाताला बेस उचलून धरावा लागत नाही. बसून वाजवताना बेस ज्या उंचीवर असतो, उभं राहून तेवढ्याच उंचीवर असावा. कमरेखाली लोंबणारा बेस फोटोत छान दिसतो, पण मनगट मोडतं.

मंडपातल्या कार्यक्रमांना दोन गोष्टी सोबत न्याव्यातच. एक, ९ व्होल्टची जादा बॅटरी. बऱ्याच बेसच्या पोटात ती असते आणि केबल खोचली की चालू होते, तुम्ही वाजवा न वाजवा. म्हणून मध्यंतरात केबल काढून ठेवायची. दुसरी, टेस्टर. जनरेटरवर चालणाऱ्या मंडपात अर्थिंग आहे का हे कुणालाच ठाऊक नसतं. हात तारांवर आणि ओठ माइकला, अशा वेळी झिणझिण्या आल्या तर ते कोरस सुंदर झाल्यामुळे आलेले शहारे नसतात. माइकला फोमची टोपी घालावी, आणि साउंडवाल्या दादाला आधी चहा देऊन मग अर्थिंगचं विचारावं. बेसचा आवाज वाढवा असं त्याला सांगू नये. "माझ्या मॉनिटरमध्ये किक थोडी द्या" म्हणावं. तो दोन्ही वाढवतो.

घरी प्रश्न उलटा. खालच्या मजल्यावरच्या आजींना माझं गाणं, कीबोर्ड, मेट्रोनोम यातलं काही ऐकू जात नाही, बेस मात्र जातो. ४१ कंपनांची ध्वनिलहर आठ मीटरहून लांब असते. आमच्या खोल्या तिच्यापेक्षा लहान. भिंत आणि स्लॅब तिला फारसे अडवत नाहीत. अँप जमिनीवर ठेवला तर सगळी स्लॅबच वाजते. तो खुर्चीवर ठेवला, खाली घडी घातलेली सतरंजी टाकली, कोपऱ्यातून बाहेर ओढला, तेव्हा आजींची तक्रार 'ढुम ढुम'वरून 'कधीतरी ढुम'वर आली. रात्री हेडफोन. आजी हल्ली जिन्यात भेटल्या की "आज सुट्टी का?" असं विचारतात, त्यात चौकशी किती आणि समाधान किती ते मी ठरवू शकलेले नाही.

गेल्या पावसाळ्यापासून त्यांची नात माझ्याकडे शिकायला येते. अकरावीत आहे, हात लहान आहेत, आणि पहिल्याच दिवशी तिने विचारलं की लहान हातांना हे जमतं का. ३४ इंची तारेवर पहिल्या पडद्यापासून चौथ्यापर्यंत पाच इंचांपेक्षा थोडं जास्त अंतर आहे. चार बोटं चार पडद्यांवर ताणून ठेवायला सांगणारे व्हिडिओ बघून ती हात दुखवून घेऊन आली होती. तिला डबल बेसवाल्यांची जुनी बोटं दाखवली: तर्जनी, मधलं आणि करंगळी, अनामिकेने करंगळीला नुसती मदत करायची. तीन पडद्यांत एवढंच काम, आणि चौथा हवा असेल तर बोट न ताणता सगळा हात सरकवायचा. शिवाय सुरुवात पाचव्या पडद्यापासून करायची, तिथे पाच ते आठ हे अंतर चार इंचांवर येतं. ३० इंची लहान बेसही मिळतात, मॅकार्टनीचा व्हायोलिनच्या आकाराचा तसाच आहे, पण ती म्हणाली नको, मोठाच शिकते.

आता तिला स्वर लावता येतात. सोडता येत नाहीत. रोज मेट्रोनोमवर एकाच स्वराशी झटापट चालते आणि वैतागून म्हणते, "ताई, हे वाजवणं आहे की थांबणं?" मंगळवारी सोसायटीच्या देवळात भजन असतं, तिचे बाबा तिथे पखवाजाला बसतात. परवा विचारत होती, बेस घेऊन जाऊ का? म्हटलं जा. पहिले दोन अभंग नुसतं बाबांच्या डाव्या हाताकडे बघत बस, तिसऱ्याला फक्त षड्ज वाजव, आणि अँप सतरंजीवर ठेव, पुजारीबुवा नाहीतर घंटा हलली म्हणून उठून बघायला जातील.